स्वीडनच्या अमलाखालील फिनलंडचें घोडदळ

युरोपांतील तीस वर्षांच्या युद्धाचा भाग वर्गांत शिकवितांना स्वीडनचा राजा गस्टाव्हस ॲडॉल्फस याचें नांव येतें, आणि त्याच्या सैन्यांतील फिनलंडच्या घोडेस्वारांचा एका वाक्यांत उल्लेख करून आम्ही शिक्षक पुढें जातों. गेल्या वर्षीं मी असाच पुढें जात असतां नववींतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, त्या स्वारांचे घोडे कोणाचे होते? राजाचे कीं त्यांचे स्वतःचे?" या मुलाचे वडील लग्नाच्या वरातींसाठीं घोडा बाळगतात, व घोड्याच्या दाणावैरणीला काय पडतें हें त्या घराला पुरतें ठाऊक आहे. प्रश्न साधा होता. परंतु त्या तासाला मला त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कांहीं वाचन केल्यावर असें ध्यानांत आलें कीं, या घोडदळाचा पांचशेंहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं त्या एकाच प्रश्नाचीं निरनिराळ्या काळीं दिलेलीं उत्तरें होत. म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत सांगतों.

फिनलंड हा देश बाल्टिक समुद्राच्या ईशान्येस आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत तो हळूहळू स्वीडनच्या सत्तेखालीं आला आणि १८०९ पर्यंत त्या राज्याचा पूर्वेकडील भाग म्हणून राहिला. तेथील शेतकरी हा जमिनीबरोबर विकला जाणारा दास कधींच नव्हता. कायदा स्वीडनचा होता, व तो राजालाही कांहीं अंशीं बांधून ठेवीत असे. भाषेचें मात्र मोठें अंतर होतें. दरबार, न्यायालय आणि पलटण यांची भाषा स्वीडिश. बहुसंख्य प्रजेची भाषा फिनिश. या दोन भाषांचें मूळच वेगळें. आपल्या मराठींत व तमिळ भाषेंत जेवढें अंतर आहे, तेवढें त्यांच्यांत आहे असें म्हटल्यास फारशी चूक होणार नाहीं. स्वाराला हुकूम मिळे तो एका भाषेंत, आणि तो घरीं बोले ती दुसरी. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

पहिलें उत्तर १२८० च्या सुमाराचें आहे. त्या काळीं चिलखत घातलेला स्वार व त्याला पेलणारा घोडा ही राजाला सर्वांत महाग पडणारी वस्तु होती. राजा मॅग्नस यानें आल्स्नो येथें असा ठराव केला कीं, जो कोणी सशस्त्र स्वार घोड्यासह चाकरीस देईल, त्याच्या जमिनीस सारा माफ. स्वीडनच्या सरदारवर्गाचा पाया येथें घातला गेला. तेव्हां घोडा धन्याचा, आणि त्याची किंमत राजानें सोडून दिलेल्या साऱ्यांतून फिटावयाची. आपल्या इतिहासांतील शिलेदार स्वतःचा घोडा आणी व बारगिराला सरकारी घोडा मिळे, हें विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. फिनलंडचा हा स्वार शिलेदारासारखा दिसतो खरा. पण पुष्कळदां खोगिरावर बसणारा मनुष्य वेगळा व साऱ्याची माफी भोगणारा धनी वेगळा, असा प्रकार असे.

सोळाव्या शतकांत युद्धें लांबूं लागलीं आणि ही व्यवस्था अपुरी पडली. रशियाशीं १५७० मध्यें सुरू झालेलें युद्ध १५९५ मध्यें संपलें. पंचवीस वर्षें लढलेलें सैन्य तहानंतर घरीं जावें, ही प्रजेची अपेक्षा होती. परंतु फिनलंडचा सुभेदार क्लाउस फ्लेमिंग यानें तें मोडलें नाहीं. राजघराण्यांत गादीवरून तंटा चालला होता व त्यासाठीं त्याला शिबंदी हवी होती. तिला पगार देण्यास पैसा नव्हता. म्हणून स्वार व शिपाई शेतकऱ्यांच्या घरांतून ठेवण्यांत आले. त्यांना जेवूं घालावयाचें शेतकऱ्यानें, आणि त्यांच्या घोड्यांना गवत व ओट द्यावयाचे तेंही त्यानेंच. ज्या देशांत वर्षाचे पांच-सहा महिने जमीन बर्फाखालीं असते, तेथें गवताची गंजी म्हणजे गाईगुरांचा हिवाळ्याचा जीव. परका घोडा ती खाऊं लागला कीं घरची गाय मरते. १५९६ च्या हिवाळ्यांत ऑस्ट्रोबॉथ्निया प्रांतांतील शेतकरी सोटे घेऊन उठले; त्यामुळें या बंडास सोट्यांचें युद्ध असें नांव पडलें. वर्षाच्या अखेरीस नोकिया येथील गढीपाशीं फ्लेमिंगनें तोफा व घोडदळ यांसह त्यांना गांठलें, पुढाऱ्यांना स्वाधीन करा म्हणजे इतरांस अभय देतों असें सांगून त्यांच्यांत फूट पाडली, व पळणाऱ्यांचा पाठलाग करून त्यांना कापलें. त्यांचा पुढारी याको इल्का हा पकडला जाऊन जानेवारी १५९७ मध्यें इसोकिरो येथें त्याला देहान्त शिक्षा झाली. फेब्रुवारींत सांताव्हुओरी येथें उरलेल्यांचा मोड झाला. सुमारें तीन हजार शेतकरी या बंडांत मेले असें मानतात. फिनलंडच्या घोडदळाच्या पराक्रमाचीं जीं पुस्तकें आहेत त्यांत हें प्रकरण सहसा आढळत नाहीं. तें येथें मुद्दाम सांगितलें. कारण ज्या शेतकऱ्यांना त्या टापांनीं तुडविलें, त्यांच्याच घरांतून पुढील पिढीचे प्रसिद्ध स्वार निघाले.

ती प्रसिद्धि कशी मिळाली, हें समजण्यासाठीं एका पराभवापासून आरंभ केला पाहिजे. १६०५ सालीं रीगा शहराजवळ किर्खोल्म येथें स्वीडनच्या दहा हजारांहून अधिक सैन्याचा पोलंडच्या चार हजारांहूनही कमी सैन्यानें धुव्वा उडविला. पोलंडचे भालाईत स्वार भरधाव येऊन भिडत. स्वीडनचे स्वार मात्र त्या वेळच्या युरोपीय रीतीप्रमाणें लढत. त्या रीतींत एकामागून एक रांग दुडक्या चालीनें पुढें जाई, पिस्तुल झाडी, आणि वळून पुन्हां भरण्यासाठीं मागें येई. कवाइतीच्या मैदानावर हें सुंदर दिसत असेल. परंतु वळणारा घोडा आपली कूस शत्रूस दाखवितो, आणि त्याच क्षणीं भालेवाले येऊन आदळले तर खेळ संपतो.

गस्टाव्हस ॲडॉल्फस त्या वेळीं दहा वर्षांचा होता. पुढें राजा झाल्यावर तो स्वतः पोलंडशीं अनेक वर्षें लढला व हा धडा त्यानें नीट गिरविला. त्यानें घोडदळाच्या रांगा तीनवर आणल्या. पिस्तुल झाडावयाचें तें शत्रु अगदीं समीप आल्यावर, आणि तेंही पुढच्या रांगांनीं. मग लगेच तरवार उपसून अंगावर जावयाचें. वळावयाचें नाहीं. या नव्या रीतीस फिनलंडचे स्वार विशेष अनुकूल ठरले. त्यांचे घोडे जर्मनींतील घोड्यांपेक्षां लहान चणीचे होते. पण थंडींत टिकणारे, थोड्या खाण्यावर चालणारे व चपळ. स्वाराच्या अंगावर संपूर्ण चिलखत नसे. जाड कातड्याचा अंगरखा किंवा छातीपुरता पत्रा, डोक्यास शिरस्त्राण, एक तरवार व दोन पिस्तुलें, एवढ्यावर त्याचें काम भागे. जड घोड्यावर बसून थांबणें ज्याला परवडत नाहीं, त्यानें वेगानेंच जिंकलें पाहिजे.

१६३० च्या उन्हाळ्यांत राजा समुद्र ओलांडून उत्तर जर्मनींत उतरला. तेथील युद्ध १६१८ पासून चाललें होतें. प्रॉटेस्टंट व कॅथलिक या दोन पक्षांचें तें युद्ध, असें आम्ही शिकवितों, व तें खोटें नाहीं. परंतु १६३१ च्या जानेवारींत कॅथलिक फ्रान्सनें, तेंही एका कार्डिनलच्या सल्ल्यानें, प्रॉटेस्टंट स्वीडनला सालीना चार लक्ष थेलर देण्याचा करार केला, हेंही त्याच धड्यांत लिहिलेलें असतें. दोन्ही छावण्यांत प्रार्थना होत, आणि त्या एकाच ख्रिस्ताच्या नांवानें होत. मला स्वतःला हा भाग शिकवितांना दरवर्षीं संकोच वाटतो.

सप्टेंबर १६३१ मध्यें लाइपझिग शहराजवळ ब्राइटेनफेल्ड येथें मोठी लढाई झाली. उजव्या बाजूस सेनापति बानेर याच्या हाताखालीं जें घोडदळ होतें, त्यांत फिन पथकें होतीं. बादशाही पक्षाचा धाडसी सरदार पापेनहाइम यानें त्या बाजूवर सात वेळां हल्ला केला व सातही वेळां त्याला परतावें लागलें. डाव्या बाजूस गुस्ताव्ह होर्न होता. त्याचें घराणें फिनलंडमधलें. मित्रपक्षाचें सॅक्सन सैन्य पळून गेल्यानें त्याची कूस उघडी पडली, तरी त्यानें आपली फळी वळवून ती सांवरली. शेवटीं उजवीकडील घोडदळ शत्रूच्या तोफांवर जाऊन पडलें, आणि त्या तोफा त्यांच्याच धन्यावर वळविण्यांत आल्या. वृद्ध सेनापति टिली, ज्याचा तोंवर कोणीं मोठा पराभव केला नव्हता, जखमी होऊन निघून गेला.

याच सुमारास जर्मन लोकांच्या कानीं एक अपरिचित आरोळी पडूं लागली: "हक्का पॅल्ले!" हे शब्द फिनिश आहेत, "हाणा, तुटून पडा" असा त्यांचा अर्थ. ऐकणारांना भाषा कळत नव्हती. त्यांनीं त्या आवाजावरूनच स्वारांचें नांव ठेवलें, व तेंच पुढें हक्कापेलीत्ता म्हणून रूढ झालें. या भयंकर टोळीपासून आमचें रक्षण कर, अशी प्रार्थना कॅथलिक देवळांतून होत असे, अशी आख्यायिका आहे. हुकूम स्वीडिश भाषेंत सुटे, सेनापतींचीं पत्रें स्वीडिश, जर्मन वा लॅटिन भाषेंत लिहिलीं जात. पण घोडा फेंकतांना तोंडून निघे ती मातृभाषा. फिनिश भाषेंत संपूर्ण बायबल प्रथम छापलें गेलें तें १६४२ सालीं. त्याच्या दहा वर्षें आधींच त्या भाषेंतील दोन शब्द अर्ध्या जर्मनीला पाठ झाले होते, आणि ते हे.

या स्वारांचा सर्वांत नांवाजलेला नायक टॉर्स्टन स्टोलहांडस्के. आडनांवाचा अर्थ पोलादी हातमोजा. तो १५९३ मध्यें फिनलंडमधील पोर्व्हो येथें जन्मला. नोव्हेंबर १६३२ मध्यें लुत्झेनच्या लढाईंत उजव्या बगलेच्या टोंकास तो आपल्या फिन स्वारांसह उभा होता. सकाळीं दाट धुकें होतें. त्या धुक्यांत रस्त्याकडेचे खंदक ओलांडून ते समोरच्या घोडदळावर गेले. पुढें मध्यभागीं पायदळावर संकट आलेलें पाहून राजा दुसऱ्या एका पथकासह तिकडे धांवला, धुक्यांत सोबत्यांपासून तुटला व मारला गेला. त्याचा घोडा रिकाम्या खोगिरानें रणांत फिरतांना दिसला, तेव्हां सैन्याला काय झालें तें कळलें. लढाई स्वीडननें जिंकली. राजा मात्र राहिला नाहीं. स्टोलहांडस्के पुढें बारा वर्षें लढत राहिला, १६४४ मध्यें वारला, आणि तुर्कूच्या प्रधान देवळांत त्याला पुरलें आहे. त्याच देवळांत ओके टोट या दुसऱ्या फिन सेनानायकाचीही कबर आहे. हा पदच्युत राजा एरिक याच्या मुलीचा मुलगा.

या काळाची म्हणून ओळखली जाणारी एक घोडदळाची कूच स्वीडन व फिनलंड या दोन्ही देशांचीं लष्करी वाद्यपथकें आजही वाजवितात. शिवाय मोटारीच्या एका बर्फांतील टायरला १६३२ च्या त्या स्वारांचें नांव १९३६ पासून दिलेलें आहे. तो टायर ज्या गांवीं होऊं लागला तें गांव नोकिया, म्हणजे जेथें शेतकऱ्यांचे सोटे मोडले तेंच.

आतां माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हां घेऊं. जर्मनींत फिन स्वार कोणाच्या घोड्यावर बसत होता? आरंभीं घरच्या. परंतु घरचे घोडे मोहिमेंत फार काळ टिकत नाहींत. ते मेले म्हणजे लुटींतले घेतले जात, आणि त्यांना चारा मिळे तो ज्या मुलुखांत सैन्य असेल तेथील शेतकऱ्याकडून. युद्धानेंच युद्ध पोसावें, हें तेव्हांचें सर्व सेनापतींचें सूत्र होतें. नोकियाजवळच्या शेतकऱ्यानें जें सोसलें तेंच आतां सॅक्सनीच्या व बव्हेरियाच्या शेतकऱ्यानें सोसलें. आणि माणसांचें काय? बॉथ्नियाच्या आखाताच्या पलीकडील किनाऱ्यावर, स्वीडनमध्यें, बिगदेओ नांवाचा एक परगणा आहे. तेथून १६२१ ते १६३९ या काळांत पोलंड व जर्मनींतील युद्धांसाठीं २३० तरुण पायदळांत नेले. त्यांपैकीं २१५ तिकडेच मेले. पांच पंगु होऊन परत आले. बहुतेकांना तरवारीनें नव्हे, छावणींतील रोगांनीं नेलें. घोडदळाची स्थिति पायदळापेक्षां कांहींशी बरी असे; पण हा आंकडा एकदां वाचल्यावर त्या कुचेचे सूर मला पूर्वीसारखे ऐकूं येत नाहींत.

तह १६४८ मध्यें झाला. त्यानंतर या प्रश्नाचें सर्वांत नीट बसविलेलें उत्तर राजा अकराव्या चार्ल्सनें दिलें. १६८० मध्यें त्यानें सरदारांच्या हातीं गेलेल्या पुष्कळ जमिनी परत घेतल्या, आणि १६८२ पासून सैन्याची नवी घडी बसविली. घोडदळापुरती ती अशी: एखादा संपन्न शेतकरी करार करी कीं मी एक स्वार, एक घोडा व त्याचा सरंजाम सदैव तयार ठेवीन, त्याबद्दल त्याच्या शेतवाडीचा सरकारी सारा त्यालाच सोडून दिला जाई. तेवढ्यानें न भागल्यास शेजारच्या एखाद्या शेताचा साराही त्याच्याकडे लावून देत. अशा वाडीला फिनिश भाषेंत रात्सुतिला म्हणतात. रात्सु म्हणजे स्वारीचा घोडा, तिला म्हणजे शेतवाडी. स्वार बहुधा शेतकरी स्वतः नसे. तो नोकरीस ठेवलेला मनुष्य असे. त्याला लहानसें घर व जमिनीचा तुकडा मिळे किंवा वेतन मिळे, आणि शांततेच्या काळांत तो धन्याच्या शेतांत राबे. एका कंपनींत १२५ स्वार, आणि आठ कंपन्यांची एक पलटण, हें प्रमाण ठरलेलें होतें. फिनलंडमध्यें अशा घोडदळाच्या तीन पलटणी होत्या: एक तुर्कू व पोरी प्रांताची, दुसरी उसिमा व हामे यांची, तिसरी व्हिबोर्ग व साव्होनलिना यांची.

मधून मधून हजिरी होई. अधिकारी येऊन प्रत्येक वाडीचा स्वार उभा करीत. त्याचें नांव, वय, चाकरीचीं वर्षें, लग्न झालें आहे कीं नाहीं, हें लिहून घेत. आणि त्याच ओळींत घोड्याचा रंग, वय व उंची. त्या याद्या स्टॉकहोमच्या लष्करी दफ्तरांत अद्याप पाहावयास मिळतात. मनुष्य आणि घोडा यांची एकाच ओळींत नोंद, आणि ओळीच्या आरंभीं वाडीचें नांव. सैनिकांना पुष्कळदां आखूड स्वीडिश नांवें देत, म्हणजे हांक मारण्यास सोपें जाई: रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, स्टोल म्हणजे पोलाद. अशीं आडनांवें आजही फिनलंडमध्यें कांहीं घराण्यांत चालतात.

घोडा शेतकऱ्याचा, स्वार शेतकऱ्याचा, आणि मोबदल्यास सारामाफी. शांततेंत हा सौदा इतका किफायतीचा होता कीं असे शेतकरी गांवांत प्रतिष्ठित गणले जात. पण करारांत एक कलम होतें. घोडा मेला तर दुसरा द्यावयाचा. स्वार मेला तर दुसरा द्यावयाचा.

१७०० मध्यें रशिया, डेन्मार्क व सॅक्सनी यांच्याशीं युद्ध जुंपलें, आणि तें एकवीस वर्षें चाललें. तरुण राजा बारावा चार्ल्स हा धाडसी व हट्टी होता. १७०९ मध्यें युक्रेनमधील पोल्टाव्हा येथें त्याचें सैन्य मोडलें. उसिमा व हामे प्रांतांची घोडदळाची पलटण तेथें होती, व तिचा कर्नल टॉर्स्टेन्सन रणांत पडला. थोड्याच दिवसांनीं पेरेव्होलोच्ना येथें सुमारें पंधरा हजार लोक शरण गेले. इकडे फिनलंडमध्यें वाड्यांना फर्मान सुटलें: करारांतील कलमाप्रमाणें दुसरा घोडा व दुसरा स्वार द्या. पलटणी पुन्हां उभ्या राहिल्या. फेब्रुवारी १७१४ मध्यें नापुए गांवापाशीं आर्मफेल्टनें रशियाच्या फार मोठ्या सैन्यास अडविलें. त्याच्या बाजूस शेतकरीही शस्त्र घेऊन उभे होते. या दिवशीं घोडदळाचें बरेचसें पथक त्याच्या सरदारासह रणांतून निघून गेलें व पायदळ तेथेंच कापलें गेलें. नापुए हें इसोकिरो परगण्यांतलें गांव; याको इल्काला जेथें मारलें तोच परगणा. त्यानंतर फिनलंड सात वर्षें रशियन सैन्याच्या ताब्यांत होता. फिन लोक त्या काळाला मोठा कोप असें म्हणतात. हजारों माणसें धरून रशियांत नेलीं.

उरलेलें फिन सैन्य स्वीडनमध्यें गेलें व तेथून १७१८ मध्यें राजानें त्याला नॉर्वेवर धाडलें. दक्षिणेकडे राजा गोळी लागून मेला आणि आर्मफेल्टला परत फिरावें लागलें. १७१९ च्या नव्या वर्षाच्या दिवशीं त्याचे लोक टिडाल खोऱ्यांतून डोंगर चढले व हिमवादळांत सांपडले. सरपणासाठीं त्यांनीं बंदुकींचे दस्ते व घसरगाड्या जाळल्या. सुमारें तीन हजार माणसें थंडीनें गोठून मेलीं. त्यांतील बहुसंख्य फिन होते. घोडे किती मेले, याचा हिशेब वाड्यांनीं घरीं केला असेल.

अठराव्या शतकाचा उरलेला इतिहास लांबविण्याचें कारण नाहीं. १७२१ च्या तहानें व्हिबोर्ग गेलें, १७४३ च्या तहानें आणखी मुलूख गेला. घोडदळाच्या जागीं बरेच ठिकाणीं ड्रॅगून, म्हणजे प्रसंगीं खालीं उतरून लढणारे स्वार, आले. फेब्रुवारी १८०८ मध्यें रशियाचें सैन्य पुन्हां सरहद्द ओलांडून आलें. जुलै महिन्यांत लापुआ येथें फिन सैन्यानें विजय मिळविला. पण तो टिकला नाहीं. मार्च १८०९ मध्यें कालिक्स येथें उरलेल्या फिन सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं व माणसें आपापल्या गांवीं गेलीं. सप्टेंबरांत तह होऊन फिनलंड रशियाच्या बादशहाकडे गेला.

बादशहा पहिला अलेक्झांडर यानें १८१० मध्यें हें जुनें सैन्य तूर्त बंद ठेवलें. वाड्यांनीं स्वार देण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु करार रद्द झाला नव्हता. म्हणून न दिलेल्या स्वाराबद्दल व न पोसलेल्या घोड्याबद्दल त्या वाड्या रोख रक्कम भरूं लागल्या. तिला रिकाम्या जागेचा कर असें नांव होतें.